निळ्या दोऱ्याच्या पिशव्या

ता. ३, सोमवार, सकाळ

काल धाकटा आला तर सुनेने, थोरल्याच्या बायकोने, त्याला दारातच उभं केलं. पायपुसण्यावर, पाच मिनिटं. माझ्या पोटच्या पोराला! मी मोरीत होते म्हणून वाचली. नंतर खडसावलं तर म्हणे, आई, बुटांना ग्रीस होतं, मी फक्त पुसा म्हटलं. ग्रीस! कारखान्यात काम करणाऱ्याच्या बुटाला ग्रीस नाही तर अत्तर असणार? आजपासून या घराचा नियम: बेल वाजली की दार मी उघडणार. सुनेने जागचं हलायचं नाही, आत कोण आहे, कोण नाही, याचं उत्तर द्यायचं नाही.

हं. आता नमस्कार, वही. तू नातीची अर्धी उरलेली वही आहेस. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, सगळी चुकलेली. माझी चुकणार नाहीत. मी शाळेत चौथीपर्यंत गेले आणि पुढचं शिक्षण सार्वजनिक संडासाच्या दारात खुर्ची टाकून बावीस वर्षं घेतलं. घाईत असलेला माणूस किती खोटं बोलतो ते मला कोणी शिकवू नये.

लिहायचं कारण असं, की मी हे घर सोडणार आहे. स्टँडमागे खोली बघितली. स्वतंत्र नळ, स्वतंत्र खिडकी. खिडकीसमोर भिंत आहे, पण ती भिंत माझ्याकडे बघून उसासे टाकत नाही. डिपॉझिट तीस हजार, पंचवीस तारखेपर्यंत, रोख नोटांत. खोलीवाली म्हणाली, आजी, चिल्लर आणलीत तर दार लावून घेईन. मी नुसती हसले. तिला काय माहीत, माझ्याकडे पूर्ण तीस हजार आहेत. फक्त सगळे सुट्टे आहेत.

धाकटा माझ्याबरोबर राहायला येणार. तोच म्हणाला, आई, तू खोली घे, मी आलोच समज.

ता. ४, मंगळवार

पलंगाखालचा माल मोजला. साठ पिशव्या. एक पिशवी एक किलोची. एका किलोत पाचाची शंभर नाणी, म्हणजे पाचशे. नाणी मी मोजत नाही, वजन करते. मोजताना माणसाला शिंक येते, कोणी हाक मारतं, आकडा सुटतो. तराजूला शिंक येत नाही.

एकोणीस पिशव्या लाल दोऱ्याच्या. त्या मी शिवलेल्या. एकेचाळीस निळ्या दोऱ्याच्या. त्या धाकट्याने शिवलेल्या. त्याचं असं, की माझा लाल दोरा कुजायला लागला. ते आधी त्याच्याच लक्षात आलं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तो एक पिशवी घेऊन जातो आणि संध्याकाळी नव्या निळ्या दोऱ्याने शिवून आणून देतो. साडेतीन वर्षांत एक महिना चुकला नाही. आणली की मी तराजूवर ठेवते. काटा एकवर जातो आणि तिथेच चिकटतो, इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या लाल पिशव्या पाच-दहा ग्रॅम मागेपुढे असतात. त्याचं काम बघा आणि माझं बघा.

सून यात नाक खुपसतेच. ती शाळेचे गणवेश शिवते, म्हणून टाक्यांतलं सगळं कळतं असा तिचा समज. मी तिला सुई म्हणते. टोचते आणि भोक पाडते. म्हणाली, आई, हा दोरा कारखान्यात पोती शिवायचा आहे. म्हटलं, मग? मजबूत आहे. म्हणाली, एखादी उसवून बघू या का? म्हटलं, तुझं तोंड आधी शिव.

जळते. तिला पलंगाखालची जागा शिवणमशीनसाठी पाहिजे.

ता. ६, गुरुवार

कोणी म्हणेल संडासवालीकडे तीस हजार कुठून आले. कोणी म्हणत नाही, पण म्हणेल. म्हणून लिहून ठेवते, चोरी नव्हे.

माणसामागे पाच. रोजचा गल्ला ठेकेदाराचा माणूस घेऊन जायचा. तोही मोजायचा नाही, पिशवी तराजूवर टाकायचा. पिशवीला अमुक किलो भरले की खूश. आता पगार इतका तुटपुंजा, की तो घेताना मलाच त्याची कीव यायची. मग मी पिशवीतून दहा नाणी काढायची आणि तेवढ्याच वजनाचे वायसर घालायची. वायसर म्हणजे नटाखाली असते ती भोकाची लोखंडी चकती. समोर गॅरेज होतं, तिथे खच पडलेला. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. तो वेचून आणायचा. नाण्याच्या मापाचे बरोब्बर! मोठे नाही, लहान नाही. शिवाय घासून चकचकीत करायचा, न सांगता. थोरल्याला एकदा पाठवलं तर हात हलवत परत आला. म्हणे आई, मला लाज वाटते. आठ वर्षांच्या घोड्याला लाज! तेव्हाच मी ओळखलं कोणता मुलगा कामाचा.

ठेकेदाराने बावीस वर्षांत एक पिशवी उघडून बघितली नाही. मूर्ख माणूस.

ठराव: आधी लाल पिशव्या दुकानांत मोडायच्या. निळ्या बँकेसाठी. बँकेत टापटीप लागते.

ता. ७, शुक्रवार

किराणावाल्याकडे सहा पिशव्या. सून घेऊन आली, चाकांच्या फळीवर. मी पुढे, ती मागे. रस्त्यात दोनदा थांबली. कंबर दुखते म्हणे. चाळिशीत कंबर! माझी बावीस वर्षं लाकडी खुर्चीवर गेली, मी कधी कुरकुरले?

किराणावाल्याला सुट्टे हवेच असतात, तरी नखरे किती. म्हणाला, आजी, या नाण्यांना वास येतो. म्हटलं, तुझ्या नोटांना येत नाही तो तुझ्या नाकाचा दोष. शंभराला दहा कापीन म्हणाला. मी म्हटलं पाच. तो म्हणाला दहा. मी म्हटलं दहाच, पण यापुढे एक छदाम कापायचा नाही. कबूल झाला. असं बोलावं लागतं.

तीन हजाराचे सत्तावीसशे झाले. त्यातही दोनशेचा साबण गळ्यात मारला. हातात पंचवीसशे. साबण चांगला आहे. सुनेला वाटलं मी तिला देईन.

ता. ८, शनिवार

औषधवाला: तीन पिशव्या. पंधराशेचे बाराशे रोख आणि तीनशेच्या टॉनिकच्या बाटल्या. भूक लागायचं टॉनिक. मला भूक भरपूर लागते. खोलीवर धाकट्याला देईन, तो वाळलाय.

पेट्रोलपंप: सहा पिशव्या. तीन हजाराचे सत्तावीसशे. पंपावरचा माणूस गल्ल्यात नाणी ओतत होता आणि सून शेजारी उभी राहून एकेक बघत होती. म्हटलं काय बघतेस? म्हणे, नाही, सगळी नाणीच आहेत. म्हटलं मग काय बटणं असणार?

बस डेपो: चार पिशव्या, एकोणीसशे. तिथला कॅशियर माझं जुनं गिऱ्हाईक. रोज सकाळी साडेसातला यायचा. मी ओळख दिली तर इतका लाजला, की शंभरच कापले.

लाल संपल्या. साडेनऊ हजाराचे त्र्याऐंशीशे आले. बाराशे गेले. पण त्यात साबण आणि टॉनिक धरलं तर गेले सातशेच. आणि माझ्या बोलण्याने जे वाचले ते धरले तर फायदाच आहे.

ता. ९, रविवार

बेल वाजली, मी उघडलं. धाकटा! बूट पुसायला कोणी सांगितलं नाही. आत आला तसे पलंगापर्यंत ठसे उमटले. सुनेने पुसले. पुसू दे.

त्याला लाल पिशव्यांची बातमी दिली. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, सगळ्या मोडल्यास? मग मी पुढच्या पहिल्या रविवारी कोणती शिवायला नेऊ? किती जीव आहे बघा त्याचा त्या कामात. म्हटलं, आता शिवायचं काम संपलं राजा, आता निळ्या बँकेत. त्याने वाकून पलंगाखाली बघितलं. मग म्हणाला, बँकवाले लुच्चे असतात, निळ्या माझ्याकडे दे, मालकाला सांगून नोटा करून आणतो. म्हटलं, नाही. तू पुष्कळ केलंस. एवढं काम म्हातारीला करू दे.

त्याच्या कपाळावर घाम आला. माझे कष्ट बघून.

ता. १२, बुधवार

बँक. काउंटरवर चष्मेवाली. खातं आहे का? नाही. मग खातं उघडा. म्हटलं, बाई, मला बँकेत पैसे ठेवायचे नाहीत, बँकेतून न्यायचे आहेत. म्हणाली, ते सगळ्यांनाच हवं असतं. रांग हसली. मीही हसले, पण मनात तिचं नाव लिहून ठेवलं. नाव माहीत नाही. चष्मा लिहून ठेवला.

ता. १४, शुक्रवार

फॉर्म. सुनेने भरला. व्यवसाय या रकान्यात काय लिहू म्हणून तिने मला मोठ्याने विचारलं, भर बँकेत. म्हटलं, व्यवस्थापक लिही. तिने लिहिलं निवृत्त. फोटो लागतो. फोटोवाल्याने सांगितलं हसू नका. मी हसतच नव्हते.

ता. १८, मंगळवार

खातं झालं. पण नाणी घ्यायची वेळ दहा ते अकरा, आणि आम्ही पोचलो अकरा वाजून पाच मिनिटांनी, कारण सून रस्त्यात वडापची जीप थांबवायला घाबरते. पाच मिनिटांवरून परत पाठवलं. मी संडासात कोणाला पाच मिनिटांवरून परत पाठवलं असतं तर?

चष्मेवाली म्हणाली, उद्या या, आणि नमुन्याला एक पिशवी उघडून आणा. मी म्हटलं, पिशव्या शिवलेल्याच येतील. माझ्या मुलाच्या हातचा टाका आहे, तो मी उसवणार नाही. ती म्हणाली, मग आम्ही उसवू. म्हटलं, तुम्ही उसवा, तुमचा तो धंदाच आहे.

ता. १९, बुधवार

मशीन बिघडलं आहे. नाणी मोजायचं. सोमवारपर्यंत दुरुस्त होईल. मी म्हटलं वजन करा, तुमच्याकडे तराजू नाही का? चष्मेवाली म्हणाली, आजी, बँकेत वजनाने पैसे घेत नाहीत. म्हणून तर यांच्याकडे रांगा लागतात.

सोमवार म्हणजे चोवीस. पंचवीसला खोली. वेळ हातात आहे. मोजून एक दिवस.

सून साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि दहा मिनिटांनी बाहेर आली. नियम रोज दहा पिशव्यांचा आहे, पण सोमवारी सगळ्या एकदम घेतील म्हणाले. माझं वय बघून. ती आत जाऊन काय बोलली माहीत नाही, रडली असेल. तिला ते जमतं.

ता. २३, रविवार

धाकटा आला. त्र्याऐंशीशे त्याच्या हातात दिले. तो उद्याच खोलीवालीला टोकन म्हणून देणार, म्हणजे खोली पक्की. निळ्यांचे साडेवीस हजार मी परवा नेऊन देते. वरचे बाराशे कमी पडतात. ते सुनेकडून घ्यायचे. तिने मशीनच्या हप्त्यासाठी ठेवले आहेत, मला जागा माहीत आहे.

म्हटलं, उद्या दहाला बँक. तू येतोस? म्हणाला, उद्या कारखान्यात फार काम आहे. नोटा मोजून खिशात टाकल्या आणि निघाला. चहा न पिता. उंबऱ्यात थांबून माझ्या पाया पडला. याआधी कधी पडला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण येऊ शकलं असतं.

सून भांडी घासत म्हणाली, आई, टोकनची पावती मागा. म्हटलं, तुझ्या आईने तुझी पावती घेतली होती का, तुला इथे देताना?

थोरला पेपर वाचत होता. पान उलटलं, बस्स.

ता. २४, सोमवार, दुपार

नीट लिहिते.

टॅक्सीवाल्याने एकेचाळीस किलोचे जास्तीचे घेतले. पावणेदहाला पहिल्या नंबरावर आम्ही. चष्मेवालीने पहिली पिशवी घेतली, कात्रीने निळा दोरा कापला, मशीनच्या तोंडात ओतली. मशीन खडखडलं. मग कर्रर्र झालं आणि बंद पडलं. तिने झाकण उघडलं, आत बोट घातलं, एक काढलं, उजेडात धरलं.

म्हणाली, आजी, याला भोक आहे.

मी म्हटलं नाण्याला भोक कसं असेल. ती म्हणाली, मी तेच विचारते आहे. दुसरी पिशवी कापली. वायसर. तिसरी. वायसर. चकचकीत, घासलेले, नाण्याच्या मापाचे बरोब्बर. मागच्या रांगेत एक टकल्या होता, तो म्हणाला, आजीबाईंनी हार्डवेअरचं दुकान काढलं वाटतं. सगळी बँक हसली. शिपाईसुद्धा.

मी लगेच ओळखलं. पिशव्यांजवळ घरात दिवसभर कोण असतं? जागा कोणाला हवी होती? दोऱ्याची इतकी चौकशी कोण करत होतं? सून शेजारीच उभी होती. मी तिच्या थोबाडीत दिली. मग उलट्या हाताने दुसरी. हात चांगला बसला, या वयातही. म्हटलं, चोरटे, माझी नाणी कुठे विकलीस?

तिने गालाला हातसुद्धा लावला नाही. खाली सांडलेले वायसर गुडघ्यावर बसून वेचायला लागली. एकेक. काउंटरखाली गेलेलेसुद्धा. साहेब आले, म्हणाले मशीनचं नुकसान झालं, लेखी द्यावं लागेल. तिनेच लिहिलं, तिनेच सही केली. भरपाई दोन हजार, तीही तिने कबूल केली. शिवणमशीनच्या हप्त्याचे असतील. म्हणजे माझे बाराशे गेले ते गेलेच.

गुन्हेगार असल्याशिवाय कोणी भरपाई देतं का?

ता. २४, संध्याकाळ

सगळ्या पिशव्या उसवल्या. सुनेने कात्री आणून दिली आणि निघून गेली. एकेचाळीस. एकीत तळाशी तीन पाचाची नाणी निघाली. कदाचित घाईत राहिली असतील. म्हणजे चोर घाईत होता.

नवा विचार: सुनेला टाका घालता येतो, पण वायसर तिला कुठून मिळणार? म्हणजे हिचा कोणी साथीदार आहे. किंवा कारखान्यात कोणीतरी धाकट्याच्या पिशव्या बदलल्या. तो पिशवी बाकड्यावर ठेवून दोरा आणायला जात असेल, तेवढ्यात. एकेचाळीस वेळा. भोळा आहे तो.

त्याला फोन केला. उचलत नाही. कारखान्यात आवाज फार.

ता. २५, मंगळवार

खोलीवालीला गाठलं. म्हटलं, टोकन मिळालं ना काल? म्हणाली कोणतं टोकन? म्हटलं माझा मुलगा. म्हणाली कोण मुलगा? मी वर्णन सांगितलं, वाळलेला, गोरा, बोलायला गोड. ती म्हणाली, आजी, इथे कोणी आलं नाही, आणि तसंही खोली सकाळी दिली. पंप दुरुस्त करणारा घेऊन गेला. तीस हजार, सगळ्या नव्या नोटा.

माझ्यासमोर त्या पंपवाल्याने माझा नळ सोडून बघितला. पाणी चांगलं जोरात येत होतं.

धाकटा रस्ता चुकला असेल. स्टँडमागे दोन गल्ल्या आहेत.

ता. २६, बुधवार

सुनेने पलंग भिंतीला सरकवला. पिशव्या होत्या तिथे मशीन ठेवलं. एका शब्दाने विचारलं नाही. दिवसभर डोक्याशी खडखड. मी म्हटलं, माझं डोकं दुखतं. म्हणाली, आई, टॉनिक घ्या.

ही आत्तापर्यंत उलट बोलत नव्हती.

तिच्या गालाची सूज उतरली आहे. कातडी तशीही जाड.

ता. २७, गुरुवार

थोरला जेवताना बोलला. तो वर्षातून दोनदा बोलतो, त्यातली ही एक वेळ. मी म्हणत होते, वायसर बाहेरच्या कोणाच्या डोक्यातून निघाले असणार, साध्या माणसाला हे सुचतच नाही. नाण्याच्या मापाचे निवडायचे, घासायचे, वजन बरोबर भरायचं, केवढी अक्कल लागते.

थोरला म्हणाला, आई, गॅरेजसमोर वेचायला त्याला कोण पाठवायचं?

मी म्हटलं, तू जेव.

तो जेवला. सुनेने त्याला अजून वाढलं. माझ्या ताटाकडे कोणी बघितलं नाही. त्यात होतं तेवढंच मीही जेवले.

ता. २८, शुक्रवार

धाकट्याचा फोन! थोरल्याच्या फोनवर आला, मी हिसकावून घेतला. त्याला बँकेतलं सगळं कळलं होतं, कसं ते माहीत नाही. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, आई, बँकवाल्यांनी बदलल्या. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत पहिली पिशवी कापली रे. म्हणाला, मग आधीच बदलल्या असतील. म्हटलं, आधी म्हणजे कधी? म्हणाला, आई, आवाज येत नाही, इथे मशीन चालू आहे.

मशीनचा आवाज येत नव्हता. गाणं लागलेलं होतं, आणि एक बाई हसत होती.

टोकनचं विचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी विचारणारच होते.

ठेवताना म्हणाला, रविवारी येतो. थोडे सुट्टे असतील तर काढून ठेव.

ता. २९, शनिवार

भंगारवाला येऊन गेला. सुनेने वायसर त्याला घातले. मी म्हटलं ते माझे आहेत. ती म्हणाली, हो, म्हणूनच पैसे तुम्हाला देते. एकेचाळीस किलो, किलोला तीस. त्याने तराजूवर टाकले, बघितलेसुद्धा नाहीत आत काय आहे. बाराशे तीस झाले. बाराशेच्या नोटा सुनेने बँकेच्या मशीनच्या भरपाईत धरल्या. सांगून धरल्या, तोंडावर.

वरचे तीस माझ्या हातावर ठेवले. भंगारवाल्याकडे नोट नव्हती. पाचाची सहा नाणी.

तराजू काढला होता. परत ठेवला. नाणी मोजली. एकेक, दोन्ही बाजूंनी. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरली. सहाच्या सहा खरी. दोनदा बघितली.

पिशव्यांच्या जागी ठेवता येत नाहीत, तिथे सुनेचं मशीन आहे. उशीच्या अभ्र्यात ठेवली आणि अभ्रा शिवून टाकला. लाल दोरा संपला होता. सुनेकडे मागितला. तिने पांढरा दिला. टाका माझाच.

उद्या रविवार. बेल दहाच्या सुमारास वाजते. पहिला नियम रद्द. मी मोरीत असेन, बराच वेळ असेन. दार सुनेने उघडायचं. त्याला पायपुसण्यावर उभं करायचं, हवा तेवढा वेळ. मी घरात नाही, हे तिनेच सांगायचं. कुठे गेले असं त्याने विचारलं, तर त्याचं उत्तरही तिनेच द्यायचं.